पाण्याचा दिवस

२१ ऑक्टो. १९५६, रवि.

उपासनेची घंटा चुकली. कारण कुंपणापलीकडची शांताबाई मेश्राम. सकाळपासून घर धूत होती. देव्हारा रिकामा. देव टोपलीत भरून नवऱ्यानं वैनगंगेत सोडले म्हणे. गेल्या रविवारी सगळं कुटुंब नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं. पांढरं लुगडं तेच, धुऊन धुऊन नेसते आहे.

मी आपली सहज म्हणाले, नवऱ्यानं सांगितलं म्हणून गेली असशील. केवढी चिडली! "नाही वं बाई. तिथं ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं म्हनलं. माह्यासाठी कोनी नाही म्हनलं. मीच म्हनलं, मोठ्यानं. घसा बसला पाहा." खरंच बसला होता.

चाळिशीची बाई, सहीच्या जागी अंगठा लावणारी. दुपारभर तेच डोक्यात. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी पाच महिन्यांची. माझ्यासाठी मोठीबाई बोलल्या, ज्यांनी मला वाढवलं त्या. (मो.बा. लिहीन पुढे, रोज एवढं कोण लिहिणार.) त्यांना संध्याकाळी पाय चेपताना हे सांगितलं. हसल्या. "तू बोलाच्या लायकीची होती का तवा? मरून राह्यलती."

३ नोव्हें., शनि.

परवापासून आपण नव्या मध्य प्रदेशात. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आपण इकडे राहिलो. शाळेत सगळे सर्विस बुकचे फॉर्म पुन्हा भरायचे, हिंदीतून, जबलपूरला जाणार. माझा जन्माचा दाखला म्हणजे एकच, बाप्तिस्म्याचं रजिस्टर. पाद्रीसाहेबांना उतारा मागितला. म्हणाले, किल्ली सापडली की देतो.

तिसरीच्या मुलींना नकाशा पुन्हा काढायला लावला. रत्नानं अजून जुनाच काढलाय, नागपूर आतच ठेवून. खोडायला जीव होत नाही म्हणते.

१३ नोव्हें.

उतारा मिळाला. पिवळं पान, जुन्या साहेबाचं किरटं अक्षर. "११ फेब्रुवारी १९२३. संजीवनी. वय पाच महिने. आई मयत. मरणोन्मुख असल्यामुळे घरीच, रिबकाबाईंच्या हस्ते." रिबकाबाई म्हणजे मो.बा.

वाचून डोळे भरले, खोटं कशाला लिहू. आमच्यात मरणाच्या दारातलं मूल असेल आणि पाद्री जवळ नसेल तर कोणीही विश्वासू माणूस पाणी टाकू शकतं. तसं मो.बां.नी टाकलं. डोक्यावर पाणी पडताच मी डोळे उघडले, म्हणून नाव संजीवनी. दर ११ फेब्रुवारीला बोर्डिंगात शिरा होतो. पोरी त्याला पाण्याचा दिवस म्हणतात. मो.बा. मधोमध बसून गोष्ट सांगतात, अंगाची लाही, डोळे फिरलेले, मडक्यातलं पाणी. गेली आठ-दहा वर्षं त्यांना दम लागतो म्हणून अर्धी गोष्ट मी सांगते, हातवारे करून. ख्रिस्ती जगात वाढदिवस सगळ्यांना असतो, असा दुसरा दिवस मलाच. लहानपणी केवढा तोरा होता त्याचा.

१५ नोव्हें.

आज केलं ते नसतं केलं तर बरं झालं असतं.

सामानाच्या खोलीत बोर्डिंगच्या जुन्या वह्यांची पेटी आहे. मो.बा. मेट्रन होत्या (आता ते काम माझ्याकडे, वॉर्डन म्हणून) तेव्हा तान्ह्या मुलांची रोजची वही ठेवायच्या. वाटलं, त्या दिवसाचं पान उतरवून घेऊ, यंदा गोष्टीच्या वेळी वाचून दाखवू. मो.बा. खूश होतील.

सापडली. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण त्या आठवड्याचं पान धड. मो.बां.चंच अक्षर.

"१० फेब्रु. संजी. वजन १३ पौंड. दूध चार वेळा. ताप नाही. लांजीकडून आजी आली. उद्या नेते म्हणाली."

"११ फेब्रु. संजी. दूध चार वेळा. ताप नाही. पाणी दिलं."

"१२ फेब्रु. संजी. दूध पाच वेळा. दात शिवशिवतात."

मागची पुढची पानं पाहिली. ताप नाही, ताप नाही, ताप नाही. महिनाभर कुठेही नाही.

आणि आजी? मला तर सांगितलं होतं की माझं कोणी नव्हतं.

१६ नोव्हें.

विचारलं नाही. रत्नाला कारण नसताना ओरडले. शाईची दौत सांडली होती, तीही मीच सांडलेली.

१८ नोव्हें., रवि.

विचारलं. उपासनेनंतर. मो.बा. खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. सत्तरी उलटली, बोटं वाकडी झाली, तरी खडा सुटत नाही हातून. चष्मा नव्हता म्हणून मी वाचून दाखवलं. तीनही दिवस.

"हे तुमचंच अक्षर न?"

"हौ."

"मंग ताप कुठं आहे?"

सुपातले तांदूळ इकडून तिकडे केले. मग म्हणाल्या, "नव्हता."

जसं घडलं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच त्याला हातवारे लावीन. आई माझ्या बाळंतपणात इथल्या दवाखान्यात वारली. बापानं दुसरी केली. पाच महिने कोणी फिरकलं नाही. मग धान घरात आल्यावर आईची आई आली, दुपटं घेऊन, पोरीला नेते म्हणून. मो.बा. म्हणाल्या, "पाच महिने माह्या अंगावर झोपली तू. अन् ते बुढी एका दिवसात घेऊन जाईन? मले माहीत होतं, बाप्तिस्मा झालेलं लेकरू त्यायच्या जातीत चालत नाही. मी मडक्यातलं पाणी घेतलं अन् नाव घेऊन टाकलं. साहेबाले सांगितलं, पोरगी जाऊन राह्यलती. त्यानं लिवलं."

"मी रडली?"

"हसली."

आजीला सांगितलं म्हणे. दाराच्या पायरीवर बसली, दिवस कलेपर्यंत. मग दुपटं पायरीवर ठेवून गेली.

"ते दुपटं कुठं आहे?"

"वापरलं वं. किती लेकरं होती तवा. फाटलं."

कोणाकोणाला ठाऊक होतं? साहेबाला मागून कळलं, तो म्हणाला झालं ते झालं. स्वयंपाकिणीला. आत्ताच्या पाद्रीसाहेबांच्या वडिलांना. म्हणजे ज्यांनी ज्यांनी दर वर्षी शिरा खाल्ला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्या सगळ्यांना. तेहतीस वेळा शिरा झाला. मी एकटीच त्यात खरी गोष्ट समजून खात होते.

मी सूप उचलून बाहेर नेलं. निवडलेले तांदूळ आणि खडे पुन्हा एक करून टाकले. मूर्खपणा. संध्याकाळी मलाच निवडावे लागले.

२५ नोव्हें., रवि.

प्रभुभोजनाला, भाकर घ्यायला, उठले नाही. बाकावरच बसून राहिले. पुढच्या बाकावरून माना वळल्या. वळू देत.

मो.बां.चे पाय चेपते आहे, औषध देते आहे. बोलत नाही. त्याही बोलत नाहीत. टायफॉइडात ह्याच बाईनं मला महिनाभर उचलून उचलून पाजलं होतं, हेही खोटं असतं तर बरं झालं असतं. रागवायला सोपं गेलं असतं.

२८ नोव्हें.

पाद्रीसाहेबांनी बोलावलं. चहा, बिस्किट. त्यांना सगळं आधीच माहीत, वडिलांकडून.

म्हणाले, "पाण्याला कारण विचारत नाहीत, संजीवनीबाई. नाव पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं घेतलं ना? मग झाला बाप्तिस्मा. टाकणाऱ्याच्या मनात काय होतं त्यानं फरक पडत नाही."

मी म्हटलं, मला पडतो.

"आणि चौदाव्या वर्षी दृढीकरणाला तुम्ही स्वतः बिशपसाहेबांपुढे 'हो' म्हणालात. तेव्हा तर तान्ह्या नव्हतात?"

हे खरं. पांढरा फ्रॉक होता, मोठ्यानं म्हणाले होते. पण कशाला हो म्हणाले? ज्या पाण्यानं मला मरणातून काढलं, त्याला. ते पाणी तर कुंपण होतं. मला आत ठेवायला घातलेलं. हे त्यांना नीट सांगता आलं नाही, रडू आलं. आणि रडणाऱ्या बाईचं म्हणणं कोण ऐकतं. त्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

निघताना म्हणाले, "बोर्डिंगची वॉर्डन मंडळीची सभासद असावी लागते, एवढं ध्यानात असू द्या." हसून म्हणाले. त्यांचे वडीलही असेच हसत शिरा खायचे.

२ डिसें., रवि.

उपासनेला गेलेच नाही. भरवेलीला गेले, खाणीच्या ट्रकमधून. कारण सरळ होतं, रत्नाच्या फॉर्मवर घरच्यांचा अंगठा हवा होता. तिचा बाप खाणीत मॅंगनीज फोडतो, आई नाही, आजी फुलमतबाई सांभाळते.

ह्या फुलमतबाईशी माझं जुनं भांडण. ते लोक दुसऱ्या मंडळीचे, पोराबाळांना पाणी देत नाहीत. मोठं झाल्यावर, स्वतः मागितलं तरच, तेही नदीत उभं करून, पूर्ण बुडवून. दोन वर्षं मी तिच्या मागे लागले होते, रत्नाचा बाप्तिस्मा करून टाका, बोर्डिंगात सगळ्यांचा झालाय, पोरीला वेगळं वाटतं. बुढी दर वेळी एकच सांगायची. आज मी विषय काढला नव्हता, तरी तिनं सवयीनं सांगितलंच.

"बहनजी, लड़की का मुँह है न? बड़ी होगी तो अपने मुँह से बोलेगी. हम किसी के मुँह से नहीं बोलते."

दोन वर्षं मी हे अडाणीपण समजत होते. आज तिच्या चुलीपुढे बसून मला हुंदका आला. तिनं विचारलं नाही काहूनबिहून. भाकरी थापत राहिली. अंगठा लावला. एक भाकरी मला दिली.

७ डिसें.

शेजारी काल दिवसभर चूल पेटली नाही. ज्यांनी त्यांना दीक्षा दिली ते गेले. शांताबाई पायरीवर बसली होती. मी जाऊन नुसती जवळ बसले. म्हणाली, "ते गेले, पन म्या म्हनलेलं तं माह्याजवळच आहे न बाई." मी हौ म्हटलं.

ह्या बाईचा मला हेवा वाटतो. लिहून टाकते एकदा.

२८ डिसें.

नाताळाची सुट्टी, म्हणून काल लांजीची मोटार धरली. गावाचं नाव मो.बां.नी सांगितलं, मागितल्यावर लगेच. एवढं साधं होतं. चौतीस वर्षांत कधी कोणी विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलं नाही.

मोटारीतून उतरून दीड कोस पायी. घर सापडलं. आजी कधीच गेली. मामाही गेला. मामाचा मुलगा खळ्यावर होता, माझ्याच वयाचा, कपाळ हुबेहूब माझं. मी कोण ते सांगितलं.

तो म्हणाला, "असं कसं होईन? ते पोरगी तं मेली. बुढीनं सांगितलं होतं, तापानं मेली म्हणून. तेरवी बी केली होती."

खाली बसले मी, खळ्यातच. आजीनं तरी गावात दुसरं काय सांगायचं होतं? पोरगी बाटली म्हणून? तिनंही तापच निवडला. इकडे तापातून वाचले, तिकडे तापानं मेले, आणि अंगात ताप नव्हताच.

त्याची बायको भली. पाणी दिलं, ओंजळीत वरून ओतून. ओसरीच्या खाली. जेवून जा म्हणाली, पण कुठे बसवायचं ते तिला कळेना, म्हणून मीच नाही म्हटलं. परतीच्या मोटारीत शेजारच्या बाईनं विचारलं, माहेरी गेलती का? मी हौ म्हटलं.

३० डिसें., रवि.

मो.बां.ना सांगितलं तेरवीचं. तोंड भिंतीकडे केलं त्यांनी. मला वाटलं आता काही म्हणतील. एक शब्द, चुकले म्हणून. मी खाटेच्या पायाशी बसून वाट पाहिली.

म्हणाल्या, "तिथं असती तं सोळाव्या वर्षी लगीन करून चार लेकरं झाली असती तुले. अक्षर तरी आलं असतं का?"

असेलही. पण ते कोणी ठरवायचं होतं?

६ जाने. १९५७, रवि.

भरवेली. आता निमित्त नव्हतं, सरळ सभेलाच गेले. देऊळ नाही, घंटा नाही. दाऊदभाई फिटर आहेत खाणीत, तेच पाळक, पगार फक्त खाणीचा. त्यांच्या अंगणात चटया. पंचवीस-तीस माणसं. आमच्यासारखं पुस्तकातून वाचत नाहीत, जो तो उठून आपलं बोलतो. काही जण फारच बोलतात. एका माणसानं म्हशीच्या दुखण्याची साक्ष दिली ती संपता संपेना. मला आमच्या उपासनेतली शांतता आठवली, ऑर्गन आठवला. खोटं का बोलू, घर सोडून आल्यासारखं वाटलं.

पण एक पाहिलं. भाकर फिरत होती तेव्हा एका माणसानं घेतली नाही, पुढे दिली. फुलमतबाई कानात म्हणाली, त्याचं जोडीदाराशी वाजलंय, तीन महिने झाले घेत नाही. मिटलं की घेईल. मी विचारलं, कोणी मना केलं? "किसी ने नहीं. झूठ कैसे खाएगा?"

आमच्याकडे मी नुसती बसून राहिले तर माना वळल्या. इथे त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

१३ जाने.

दाऊदभाईंना म्हटलं, मला पाणी घ्यायचंय. ते म्हणाले, "पहले अपनी बात मंडली के सामने बोलिए. लिख के मत लाना, बहनजी. मास्टरनी लोग लिख के लाते हैं."

तरी लिहायला बसले आज. का जाते आहे मी ह्यांच्याकडे? तान्हेपणी टाकलेलं पाणी चालतं की नाही, शास्त्रात काय आहे, ह्याचा कीस पाद्रीसाहेबांनी काढावा, मला तेवढी अक्कल नाही. मला एवढंच कळतं की माझ्या नावानं एक गोष्ट केली आणि ती मला विचारून नव्हती, आणि वर त्या गोष्टीला खोटा झगा घालून मलाच नाचवलं. देवाला हवी होते तर देव थांबला असता ना, मी मोठी होईपर्यंत? मो.बा. थांबल्या नाहीत.

देवावर माझा राग नाही. हे लिहिताना कळलं. येशू मला लहानपणापासून आवडतो, तो काही मो.बां.चा नव्हे. त्याला मला एकदा माझ्या तोंडानं, माझ्या पायावर उभं राहून हो म्हणायचंय. कोणी कुंपण घातलं म्हणून नव्हे.

की मो.बां.ना खुपावं म्हणून? तेही आहे. चांगलंच आहे. ते कुठं लिहू?

१६ जाने.

पाद्रीसाहेबांचं पत्र. दुसऱ्या मंडळीत बाप्तिस्मा घेण्याचा विचार असल्याचं कानावर आलं. तसं असेल तर वॉर्डनची जागा व खोली २८ फेब्रुवारीपर्यंत रिकामी करावी. शाळेतली नोकरी "पुढे पाहू". शेवटी "आपला नम्र."

त्या पाण्यामुळे मला इथून बाहेरचा रस्ता नव्हता. आता आहे.

शांताबाईनं तिच्या घरामागची खोली देऊ केली. म्हणाली, "तुह्या देवाले बी जागा आहे, फक्त आमच्या देव्हाऱ्यात नको ठेवू." दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

२० जाने., रवि.

साक्ष दिली. हिंदीतून, तोडकीमोडकी. कागद नेला नाही. ताप नव्हता इथपर्यंत आले आणि थांबले. कोणी हळहळलं नाही, कोणी त्या बाईला शिव्या घातल्या नाहीत. मला वाटतं मला हव्या होत्या थोड्या.

मग मला घ्यायला हात वर झाले, सगळ्यांचे. म्हशीवाल्याचाही. १० फेब्रुवारीला वैनगंगेवर. दुसऱ्या दिवशी पाण्याचा दिवस येतो, हे त्यांना ठाऊक नाही. मीही बोलले नाही.

२ फेब्रु.

मो.बां.ना तीन दिवस ताप. खराखुरा. डॉक्टर म्हणाले छातीत कफ आहे, वय झालं. मी रजा घेतली. भरवते, पुसते, अंथरूण बदलते.

दुपारी शुद्धीवर होत्या. "तू नदीत जाऊन राह्यली म्हने."

"हौ."

"मंग माह्या पान्याचं काय?"

मी कपाळावरची ओली पट्टी बदलली.

"एकडाव म्हन संजे, का ते लागलं तुले. देवाचं नाव घेऊन खोटं बोलली मी, आयुष्यात एकच. ते फुकट गेलं म्हनू नको."

म्हणायला काय जात होतं? आजारी म्हातारी. जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "तुम्ही चुकली म्हना. मंग मी म्हनतो."

डोळे मिटले. ताप होता, पण बोलणं स्वच्छ होतं. "नाही म्हनत. ते बुढी उद्या आली तं उद्या बी पानी टाकीन."

खोलीबाहेर येऊन मी ओरडले. खरंच ओरडले, विहिरीजवळ. पोरी धावत आल्या. साप दिसला म्हणून सांगितलं.

कोणी माझ्यावर एवढी माया केली नाही आणि कोणी मला असं फसवलं नाही, आणि ती दोन बायका नाहीत, एकच आहे. हिला सोडू कशी आणि माफ करू कशी?

९ फेब्रु.

ताप उतरला. पेज घेतली. उद्याचं पातळ काढून ठेवलं, पांढरं नाही, जाड निळं. ओलं झाल्यावर बरं दिसतं म्हणे.

१० फेब्रु., रवि.

पहाटेच्या गारठ्यात पुलाखालची वाळू. आम्ही तिघं होतो, एक तरुण फिटर, त्याची बायको आणि मी. दाऊदभाई कमरेइतक्या पाण्यात उभे. बाकी सगळे काठावर गात होते.

त्यांची रीत अशी की पाण्यात पाय घालण्याआधी काठावर एक म्हातारं माणूस विचारतं. आज फुलमतबाई होती. आधी फिटरला विचारलं, मग बायकोला. दोघं नाही म्हणाले आणि उतरले. मग माझ्यापुढे आली.

"बहनजी, किसी के लिए मन में गाँठ तो नहीं?"

नाही म्हणायचं, चार पावलं चालायचं. एवढंच होतं. कोणाला कळलं असतं? मो.बां.चंही कोणाला कळलं नव्हतं. नाव देवाचं घेऊन, पाणी टाकून, सगळं रीतसर झालं असतं. आणि मग दर वर्षी मीच माझी गोष्ट सांगितली असती, हातवारे करून.

मी म्हटलं, "है."

फुलमतबाईला नवल वाटलं नाही. "तो रुको," म्हणाली. माझ्या दंडावर हात ठेवला, तो काढलाच नाही. दाऊदभाईंनी पाण्यातून पाहिलं, मान हलवली आणि फिटरच्या बायकोकडे वळले. तिचे कोरडे कपडे धरायला कोणी नव्हतं. मी धरले. ती बुडली, वर आली, खोकली, हसली. सगळ्यांबरोबर मीही गायले.

खूप रडले नंतर. वॉर्डनची जागा जाणार, खोली जाणार, जुन्या मंडळीत नाव कापल्यात जमा, नव्यात चढलेलं नाही, पायाला वाळू आणि लुगडं कोरडं. मो.बां.मुळे आणखी एकदा. ह्या बाईनं मला एक पाणी दिलं आणि दुसरं घेऊ देत नाही.

पण तो "है" माझा होता. चौतीस वर्षांत देवापुढे काढलेला पहिला शब्द, जो मला कोणी शिकवला नव्हता. फुलमतबाई परत जाताना म्हणाली, नदी कुठे जात नाही.

घरी आल्यावर मो.बां.नी लुगड्याकडे पाहिलं. "झालं?"

"नाही."

"काहून?"

"तुमच्यामुळे."

माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, पाय धू, वाळू आहे.

११ फेब्रु., सोम.

शिरा करणार नव्हते. पोरी सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात. त्यांना काय सांगणार? वॉर्डन म्हणून शेवटचा महिना. केला. पाक जरा पुढे गेला.

शाळा सुटल्यावर सगळ्या मो.बां.च्या खाटेभोवती. मो.बा. उशीला टेकून बसल्या, दोन पोरींनी धरून बसवलं. आवाज अगदी बारीक. मी दारात पातेलं घेऊन उभी. यंदा सांगणार नाहीत असं वाटलं होतं. पण सुरू केलं, तोच सूर, तेच शब्द, "एक पोरगी होती. पाच महिन्यायची. लय ताप होता तिले..."

"नव्हता," मी म्हटलं.

ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. पोरींनी माझ्याकडे पाहिलं, मग मो.बां.कडे. मला वाटलं आता त्या माझ्याकडे रागानं पाहतील, किंवा हसून पुढे नेतील, चौतीस वर्षांची सवय आहे.

मो.बा. खाली पाहत होत्या, चादरीवरची बोटं एकमेकांत घालत. "हौ," म्हणाल्या. "ताप नव्हता."

रत्नानं विचारलं, तिलाच सुचणार, "मंग पानी काहून टाकलं, बाई?"

मो.बां.नी माझ्याकडे बोट केलं, ते वाकडं बोट. "तिले इचारा. तिची गोष्ट हाय. ते सांगन तशी."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, आधी शिरा घ्या, गार होतो. ताटल्या वाढल्या. मो.बां.ची वाटी त्यांच्या हातात दिली, खालून मी धरून ठेवली.

पोरी ताटल्या मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहत बसून राहिल्या. एकीनंही शिऱ्याला हात लावला नाही.